कुस्कोची संतचित्रे कशी वाचावीत

पेरू देशातील कुस्को शहरात सतराव्या-अठराव्या शतकांत रंगवलेले एखाद्या संताचे तैलचित्र प्रथमच पाहणाऱ्याची नजर बहुधा एका जागी अडखळते. संताच्या अंगावरचा झगा चित्रकाराने चुण्या पाडून, छायाप्रकाश दाखवून व्यवस्थित रंगवलेला असतो. पण त्याच झग्यावर सोन्याच्या वर्खाने काढलेली वेलबुट्टी त्या चुण्यांबरोबर वळत नाही. कापड जिथे घडीत शिरते तिथे नक्षीनेही आत शिरायला हवे, तशी ती शिरत नाही. चित्रावर सोनेरी जाळीचा पडदा ताणून बसवावा तशी ती या काठापासून त्या काठापर्यंत सपाट पसरलेली असते. युरोपीय चित्रकलेला सरावलेल्या डोळ्यांना ही सरळसरळ चूक वाटते, आणि अशा खुणांवरून ही सगळी कला भाबडी, अर्धशिक्षित हातांची म्हणून बाजूला सारण्याची रीतही बराच काळ होती. परंतु ज्या कार्यशाळेला चुण्या जमत होत्या तिला नक्षी वळवणे जमले नसते, असे मानायला आधार नाही. नक्षी सपाट राहिली ती कोणाला तरी तशी हवी होती म्हणून. ती का हवी होती, हे समजण्यासाठी ही चित्रे कोणी मागितली, कशावरून काढली आणि त्यांत काय काढायचे हे कोण ठरवत होते, इथून सुरुवात करावी लागते.

इन्का साम्राज्याची राजधानी असलेले कुस्को १५३३ मध्ये फ्रान्सिस्को पिझारोच्या स्पॅनिश फौजेच्या ताब्यात आले. सैनिकांच्या मागोमाग डोमिनिकन, फ्रान्सिस्कन आणि पुढे जेझुइट या कॅथलिक संघांचे धर्मगुरू आले, आणि केचुआ व आयमारा बोलणाऱ्या लाखो लोकांना ख्रिस्ती धर्म शिकवण्याचे काम त्यांच्यापुढे उभे राहिले. इन्का राज्यात हिशेब आणि नोंदी दोऱ्यांच्या गाठींत ठेवल्या जात, अक्षरांची लिपी नव्हती. त्यामुळे भिंतीवर चित्र टांगून, काठीने त्यातला एकेक भाग दाखवत प्रवचन करणे हा धर्मगुरूंना सोयीचा मार्ग होता. पण त्यात एक अडचण होती. अँडीज पर्वतातील लोकांच्या दृष्टीने पवित्र असलेली ‘वाका’ म्हणजे एखादा डोंगर, खडक, झरा किंवा पूर्वजाचे जतन केलेले शव असे. ती वस्तू दुसऱ्या कोणाची प्रतिमा नसे, ती स्वतःच पवित्र असे. चित्रातल्या बाईपुढे गुडघे टेकायचे, पण त्या रंगवलेल्या कापडाला मात्र पवित्र मानायचे नाही, ही ख्रिस्ती धर्मशास्त्राची बारीक अट अशा लोकांच्या गळी उतरवणे सोपे नव्हते.

त्याच काळात युरोपात या अटीवरूनच रण माजले होते. प्रोटेस्टंट सुधारकांच्या मते चर्चमधल्या प्रतिमा ही मूर्तिपूजाच होती, आणि १५६६ मध्ये नेदरलँड्समध्ये जमावांनी चर्चमध्ये शिरून पुतळे आणि चित्रे फोडली. त्याआधी तीन वर्षे, डिसेंबर १५६३ मध्ये, ट्रेंटच्या धर्मपरिषदेने आपल्या अखेरच्या बैठकीत कॅथलिक चर्चची भूमिका पक्की केली होती. प्रतिमा ठेवाव्यात, त्यांना दिलेला मान त्या ज्या व्यक्तीच्या आहेत तिला पोहोचतो, मात्र बिशपच्या संमतीवाचून कोणतीही अनोळखी, नव्या धाटणीची प्रतिमा चर्चमध्ये लावू नये. लिमा येथे १५८२-८३ मध्ये भरलेल्या तिसऱ्या प्रांतिक धर्मपरिषदेने ट्रेंटचे हे धोरण दक्षिण अमेरिकेत राबवायला घेतले. आपल्या विषयाच्या दृष्टीने ‘अनोळखी’ हा शब्द कळीचा आहे. संताचे चित्र पूर्वी पाहिलेल्या चित्रासारखे दिसले पाहिजे, हा नियमच होता, आणि त्यामुळे नक्कल करणे हे चित्रकाराच्या कामाचे पहिले कलम होते.

इथे संत म्हणजे कोण, हेही स्पष्ट करायला हवे, कारण मराठीत हा शब्द ऐकताच आपल्यासमोर ज्ञानोबा-तुकोबा उभे राहतात. कॅथलिक परंपरेतला संत म्हणजे मरण पावलेली अशी व्यक्ती, जी देवाच्या सान्निध्यात पोहोचली आहे असे चर्चने अधिकृतपणे मान्य केले आहे, आणि जिला आपल्या वतीने देवाकडे रदबदली करण्याची विनंती करता येते. अशा शेकडो व्यक्ती, आणि बहुतेकांचे खरे रूप कोणालाच माहीत नाही. मग चित्रात त्यांना ओळखायचे कसे? आपल्याकडे मूर्तिशास्त्रात आयुधे आणि वाहने जे काम करतात तेच काम इथे प्रत्येक संताला नेमून दिलेल्या खुणा करतात. संत पेत्राच्या हातात किल्ल्या असतात. संत लॉरेन्सला लोखंडी जाळीवर भाजून मारले, म्हणून तो ती जाळीच हातात धरून उभा असतो. लुसिया आपले डोळे तबकात घेऊन उभी असते, कॅथरिनजवळ मोडके चाक असते, बार्बराजवळ बुरूज. रोक नावाचा संत झगा वर उचलून मांडीवरची प्लेगची गाठ दाखवतो आणि त्याच्या पायाशी एक कुत्रा असतो. सान इसिद्रो हा माद्रिदजवळचा शेतमजूर; तो प्रार्थनेत गुंग असताना देवदूत त्याचा नांगर हाकतो अशी कथा आहे, आणि १६२२ मध्ये संतपद मिळालेल्या या नांगऱ्याला अँडीजच्या शेतकऱ्यांनी फार लवकर आपलेसे केले. छळाचे हत्यारच गौरवाचे चिन्ह बनते हा यातला विलक्षण भाग आहे. जल्लादाच्या हातातली वस्तू चित्रात संताच्या हाती येते, आणि तीही बहुतेक वेळा अगदी शांत चेहऱ्याने धरलेली असते.

या खुणा बारकाईने ठरवणारे लोक होते. सेव्हिल शहरातील चित्रकार फ्रान्सिस्को पाचेको, जो प्रसिद्ध स्पॅनिश चित्रकार वेलास्केसचा गुरू आणि सासरा, याला १६१८ मध्ये धर्मन्यायालयाने, म्हणजे पाखंड शोधून शिक्षा करणाऱ्या चर्चच्या न्यायालयाने, धार्मिक चित्रांवर देखरेख ठेवण्याचे काम दिले होते. त्याच्या मृत्यूनंतर १६४९ मध्ये छापल्या गेलेल्या ग्रंथात त्याने निष्कलंक मरियेचे, म्हणजे येशूच्या आईचे, वय बारा-तेरा वर्षांचे दाखवावे, तिचा झगा पांढरा आणि अंगरखा निळा असावा इथपर्यंत सूचना लिहून ठेवल्या आहेत. संताच्या मस्तकामागची प्रभावळ हासुद्धा अधिकाराचा प्रश्न होता. चर्चने ज्यांना मान्यता दिलेली नाही त्यांना प्रभावळीसह रंगवण्यास पोप आठवे अर्बन यांनी १६२५ मध्ये मनाई केली.

ही मनाई कागदावरच राहिली नाही, याचे एक उदाहरण भारताशी जोडलेले आहे. मुघल मुलखातून पोर्तुगीज गुलाम-व्यापाऱ्यांच्या हाती सापडलेली एक मुलगी मनिलामार्गे मेक्सिकोतील पुएब्ला शहरात विकली गेली. बाप्तिस्म्यानंतर ती कतारिना दे सान हुआन या नावाने ओळखली गेली. आशियातून आलेल्या सगळ्यांनाच तिथे ‘चिनो’ म्हणत, म्हणून लोक तिला चिनी म्हणत. तिला होणारे दृष्टान्त आणि तिचे कठोर व्रतस्थ जीवन यांमुळे पुएब्लाचे लोक तिला जिवंतपणीच संत मानू लागले होते. १६८८ मध्ये ती वारली आणि तिची चित्रे घरोघरी फिरू लागली. चर्चने तिला कोणताच दर्जा दिलेला नव्हता. १६९१ मध्ये धर्मन्यायालयाने त्या चित्रांवर बंदी घातली. लोकांची श्रद्धा असणे आणि चित्र काढायची परवानगी असणे या वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या बंदीने पुएब्लाच्या रहिवाशांना चांगलेच कळले असणार.

आता कुस्कोच्या चित्रकाराकडे वळू. या माणसाने युरोप पाहिलेला नाही, आणि त्याला काढायचे आहेत युरोपातले संत, तेही अनोळखी वाटणार नाहीत असे. सुरुवातीला युरोपातून आलेल्या चित्रकारांनी शिकवले. बेर्नार्दो बित्ती हा इटालियन जेझुइट १५७५ मध्ये लिमाला पोहोचला आणि १६१० मध्ये मरेपर्यंत लिमा, कुस्को आणि आजच्या बोलिव्हियातील चर्चसाठी रंगवत राहिला. त्याच्या लांबट, नाजूक आकृत्यांची छाप पुढे अनेक पिढ्यांवर दिसते. तयार चित्रेही स्पेनहून जहाजाने येत. सेव्हिलच्या थुरबारान या चित्रकाराने १६४७ मध्ये लिमाच्या एका मठातील जोगिणींसाठी चौतीस चित्रांचे काम घेतले होते, त्यांपैकी चोवीस उभ्या कुमारी संत होत्या. पण असे कॅनव्हास महाग होते आणि थोडे होते. खरा पुरवठा झाला तो कागदाचा.

अँटवर्प हे शहर त्या काळी स्पेनच्या राजाच्या अमलाखाली होते आणि छपाईचे मोठे केंद्र होते. तिथल्या प्लांटिनच्या छापखान्याला स्पॅनिश मुलखांसाठी प्रार्थनापुस्तके छापण्याचा हक्क राजा दुसरा फिलिप याने दिला होता. तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेली संतांची, बायबलमधल्या प्रसंगांची चित्रे तिथून गठ्ठ्यांनी निघत; वीरिक्स बंधूंसारखे कोरक्ये आणि रूबेन्सच्या चित्रांवरून केलेले छाप यांना जगभर मागणी होती. कागद हलका, स्वस्त, आणि बिशपच्या दृष्टीने निर्धोक, कारण तो युरोपात आधीच तपासला गेलेला असे. कुस्कोचा चित्रकार असा एक छाप समोर ठेवी, त्यावर चौकटी आखून तो मोठ्या कॅनव्हासवर उतरवी, आणि कधी दोन-तीन छापांतल्या आकृत्या जोडून एक चित्र तयार करी. अलीकडच्या काळात अभ्यासकांनी अशा छापांच्या आणि चित्रांच्या हजारो जोड्या शेजारी शेजारी ठेवून जुळवल्या आहेत, त्यामुळे हा आता तर्काचा विषय राहिलेला नाही.

मात्र छाप काय सांगत नाही, ते नीट पाहिले पाहिजे. तो काळा-पांढरा असतो. झगा लाल की निळा, आभाळ कोणत्या वेळेचे, मागच्या झाडावर कोणता पक्षी, कापड साधे की जरीचे, हे कागदावर नसते. वीतभर चित्र पुरुषभर उंचीचे करताना रिकाम्या जागा वाढतात आणि त्या भरायच्या कशाने, हेही कागद सांगत नाही. आकृती कशी उभी आहे, हातात काय आहे, नजर कुठे आहे हे सगळे ठरलेले. पृष्ठभाग मात्र मोकळा. कुस्कोच्या चित्रांत जे काही त्यांचे स्वतःचे आहे ते मुख्यत्वे या मोकळ्या राहिलेल्या भागात आहे, असे मला वाटते, आणि म्हणून ही चित्रे पाहताना मधल्या संतापेक्षा त्याच्या कपड्याकडे आणि त्याच्या मागच्या झाडीकडे जास्त वेळ पाहावे.

दिएगो किस्पे तितो हे यातले ठळक नाव. १६११ मध्ये जन्मलेला हा चित्रकार इन्का कुळातला, कुस्कोजवळच्या सान सेबास्तियान वस्तीत राहणारा. फ्लेमिश, म्हणजे अँटवर्पकडच्या, छापांतले निसर्गदृश्य उचलून त्यात रंगीत पक्षी आणि दाट झाडी भरण्याची त्याची पद्धत पुढे कुस्कोची ओळखच बनली. कुस्कोच्या कॅथेड्रलसाठी त्याने १६८१ मध्ये रंगवलेली राशिचक्राची मालिकाही फ्लेमिश छापांवरूनच केलेली आहे. त्याच्या वस्तीतल्या चर्चला २०१६ मध्ये आग लागली आणि तिथली कित्येक चित्रे नष्ट झाली.

ही कला बहरली ती दोन घटनांनंतर, आणि त्यातली एक आपत्ती होती. ३१ मार्च १६५० रोजी झालेल्या भूकंपाने कुस्कोची बहुतेक चर्चे पाडली किंवा खिळखिळी केली. नव्याने बांधलेल्या प्रत्येक चर्चला नव्या वेद्या हव्या होत्या, वेद्यांना नव्या चौकटी आणि चौकटींना चित्रे. १६७३ मध्ये मानुएल दे मोयिनेदो हा माद्रिदचा माणूस बिशप म्हणून आला. येताना त्याने स्वतःचा चित्रसंग्रह आणला होता, आणि १६९९ मध्ये मरेपर्यंत तो गावोगावच्या चर्चसाठी चित्रे करून घेत राहिला. बासिलियो सान्ता क्रूस पुमाकायाओ या मूळनिवासी चित्रकाराने कॅथेड्रलसाठी केलेले मोठे कॅनव्हास याच बिशपच्या पाठबळाने झाले.

दुसरी घटना १६८८ ची. तोपर्यंत स्पॅनिश आणि मूळनिवासी चित्रकार एकाच व्यावसायिक संघात होते. कॉर्पस क्रिस्टीच्या, म्हणजे येशूच्या देहाच्या सन्मानार्थ होणाऱ्या कॅथलिक सणाच्या, उत्सवासाठी कमान उभारण्याच्या कामावरून त्यांच्यातले भांडण चव्हाट्यावर आले. मूळनिवासी चित्रकारांनी आपल्याला वाईट वागणूक मिळते म्हणून वेगळे काम करू देण्याची मागणी केली आणि दोन्ही गट वेगळे झाले. युरोपीय धर्तीच्या परीक्षा, म्हणजे यथार्थदर्शन आणि शरीररचना यांची कसोटी, यानंतर मूळनिवासी कार्यशाळांवर तितकीशी बंधनकारक राहिली नाही, आणि अठराव्या शतकातील सपाट, सोनेरी, फुलापानांनी भरलेली शैली त्या मोकळिकीतून वाढली, असे बहुतेक अभ्यासक मानतात. या कार्यशाळा शेकड्यांनी चित्रे तयार करत. खेचरांच्या तांड्यांवर लादलेला हा माल आजच्या बोलिव्हियातील पोतोसीच्या चांदीच्या खाणींपर्यंत, आजच्या उत्तर अर्जेंटिनापर्यंत आणि चिलीपर्यंत जाई. एवढ्या प्रमाणावर काम करणाऱ्यांनी सही क्वचितच केली, आणि आज संग्रहालयांत यांतल्या बहुतेक चित्रांखाली ‘अज्ञात, कुस्को शैली’ एवढीच पाटी असते.

आता पुन्हा त्या सोन्याकडे येऊ. चित्र पूर्ण रंगवून झाले की त्यावर चिकट द्रव्याने नक्षी उमटवत, पुष्कळदा कापलेल्या साच्याच्या मदतीने, आणि त्यावर सोन्याचा वर्ख बसवत. स्पॅनिशमध्ये याला ‘ब्रोकातेआदो’, म्हणजे जरतारी करणे, असे म्हणतात. हे काम चित्रापेक्षा वेगळे मोजले जाई आणि सोने किती लावायचे हा सौद्याचा भाग असे. म्हणजे गिऱ्हाइकाला ते हवे होते आणि तो त्याचे जादा पैसे देत होता. त्याला ते का हवे होते, याची एकाहून अधिक कारणे संभवतात. चर्चमधले चित्र मेणबत्तीच्या हलत्या उजेडात पाहिले जाई. चुण्यांप्रमाणे वळवलेली, सावलीत बुडवलेली नक्षी अशा उजेडात दिसतच नाही. सपाट वर्ख मात्र ज्योतीबरोबर लकाकतो आणि संताची सगळी आकृती एकदम पुढे येते. शिवाय चर्चमधल्या लाकडी पुतळ्यांना खरी जरीची वस्त्रे नेसवण्याची पद्धत होती, आणि पुष्कळशी चित्रे म्हणजे वेदीवरच्या अशा नटवलेल्या पुतळ्यांचीच चित्रे आहेत. त्यांत झगा अंगावर न चोपता त्रिकोणी घंटेसारखा उभा राहतो. तिसरे कारण कापडाचे. इन्का राज्यात सोन्यापेक्षाही बारीक विणीच्या कापडाला मान होता. सम्राट बक्षीस देई ते कापडाचे, आणि नक्षीवरून माणसाचा दर्जा कळे. ज्या समाजात वस्त्राची नक्षी ही वाचायची गोष्ट होती तिथे ती चुण्यांत मोडून टाकणे कोणाला रुचले नसेल, असे म्हणता येते. ही तीन कारणे एकमेकांना छेद देत नाहीत, आणि तिन्ही एकाच वेळी खरी असायला हरकत नाही.

अलीकडे याच्या पुढे जाऊन प्रत्येक चित्रात इन्का धर्माचा छुपा संदेश शोधण्याची टूम आहे. मरियेचा त्रिकोणी झगा म्हणजे डोंगर आणि डोंगर म्हणजे धरतीमाता पाचामामा, हे समीकरण मार्गदर्शक पर्यटकांना हमखास ऐकवतात. पोतोसीत एक प्रसिद्ध चित्र आहे ज्यात मरियेचे शरीर खरोखरच चांदीच्या डोंगरात विलीन झाले आहे, त्यामुळे या बोलण्यात तथ्य मुळीच नाही असे नाही. पण घंटेसारखा झगा स्पेनमधल्या पुतळ्यांनाही होता. एका चित्रात जे उघड आहे ते सगळ्या चित्रांवर लादणे हे त्या चित्रकारांना बंडखोर ठरवण्याच्या हौसेने त्यांची कारागिरी झाकणे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

जिथे दोन श्रद्धांची सरमिसळ कागदोपत्री सिद्ध आहे असे उदाहरण म्हणजे संत याकोब, स्पॅनिशमध्ये सान्तियागो. येशूच्या बारा शिष्यांपैकी हा एक. स्पेनमध्ये मुस्लिम राज्यांशी चाललेल्या युद्धांत तो पांढऱ्या घोड्यावरून आकाशातून उतरला आणि त्याने शत्रूला कापून काढले अशी आख्यायिका रूढ झाली होती, आणि त्याची चित्रे घोड्याच्या टापांखाली पगडीधारी सैनिक दाखवत. १५३६ मध्ये स्पॅनिशांविरुद्ध उठलेल्या मान्को इन्का या राजाच्या सैन्याने कुस्कोला वेढा घातला तेव्हा वेढ्यात सापडलेल्या स्पॅनिशांच्या मदतीला तो इथेही धावून आला, अशी कथा पसरली. लगेच चित्रातला मेलेला शत्रू बदलला. तोच घोडा, तीच उपसलेली तलवार, खाली मात्र इन्का योद्धा. वामान पोमा या मूळनिवासी लेखकाने १६१५ च्या सुमारास स्पेनच्या राजासाठी लिहिलेल्या सचित्र हस्तलिखितातही हा प्रसंग काढलेला आहे.

जेत्यांचा हा संत हरलेल्यांना नकोसा व्हायला हवा होता. झाले उलटेच. अँडीजमध्ये विजेचा आणि गडगडाटाचा देव होता, इयापा. पाऊस तोच पाडी. स्पॅनिश सैनिक बंदुका झाडताना सान्तियागोचा पुकारा करत, आणि बंदुकीचा आवाज व लखलखाट विजेसारखाच. त्यात शुभवर्तमानात येशूने याकोब आणि त्याच्या भावाला ‘गर्जनेचे पुत्र’ असे नाव दिल्याचा उल्लेख आहे, म्हणजे प्रवचनकारांनीच हा धागा नकळत हातात दिला. जुळी मुले झाली की त्यांतल्या एकाला विजेचा पुत्र मानून त्याचे नाव सान्तियागो ठेवत, अशी नोंद पाब्लो होसे दे आरियागा या जेझुइटाने १६२१ मध्ये केली आहे. मूळनिवासी मुलांना सान्तियागो हे नाव देऊ नये, दिएगो द्यावे, असा नियमही त्यामुळे करण्यात आला. गंमत अशी की दिएगो हेही याच संताचे नाव मानले जाते. पेरूच्या मध्य अँडीजमध्ये आजही जुलै महिन्यात सान्तियागोच्या सणाला गुराढोरांना खुणा करून सजवतात. टापांखालचा योद्धा चित्रात तसाच राहिला, पण पाहणाऱ्याने त्या चित्रातून आपल्यासाठी घोडेस्वार निवडला.

बंदूकधारी देवदूत हा याचाच शेजारचा प्रकार. मखमली कोट, लेसच्या बाह्या, पिसांची टोपी आणि हातात लांब बंदूक घेतलेले हे देवदूत अँडीजबाहेर फारसे सापडत नाहीत. बोलिव्हियातील कालामार्का गावच्या चर्चमधली मालिका त्यांत नावाजलेली आहे. त्यांच्या बंदूक भरण्याच्या आणि रोखण्याच्या ढबी याकोब दे गेइन या चित्रकाराने डच सैनिकांसाठी १६०७ मध्ये काढलेल्या कवायतीच्या छापांशी मिळतात, म्हणजे इथेही मूळ कागदच, फक्त तो धर्माचा नव्हता.

कॉर्पस क्रिस्टीच्या मिरवणुकीची चित्रमालिका हा माझा सगळ्यात आवडता पुरावा आहे. कुस्कोच्या सान्ता आना चर्चसाठी १६७५ ते १६८० च्या सुमारास रंगवलेल्या या मालिकेत शहरातील वेगवेगळ्या वस्त्यांचे संत मिरवणुकीने निघालेले दिसतात. रस्त्याच्या कडेला खरी, ओळखता येणारी माणसे आहेत. इन्का सरदार कपाळावर सम्राटपदाची लाल झालर, मास्कापाइचा, लावून आपापल्या वस्तीच्या संतापुढे चालत आहेत. पाहताना वाटते की चित्रकार कोपऱ्यावर उभा राहून डोळ्यांदेखत घडलेले टिपतो आहे. पण संत ज्या उंच, नक्षीदार रथांवर बसले आहेत ते रथ कुस्कोतले नाहीत. स्पेनमधील वॅलेन्सियाच्या १६६२ च्या उत्सवाचे वर्णन करणाऱ्या पुस्तकातल्या छापांवरून ते उचललेले आहेत. कुस्कोत संतांचे पुतळे तेव्हाही माणसे खांद्यावरून नेत आणि आजही नेतात. सरदारांचे चेहरे आणि वस्त्रे खरी, रथ कागदावरचे, आणि दोन्ही एकाच चित्रात बिनदिक्कत बसलेले. १७८०-८१ मध्ये इन्का वंशज म्हणवणाऱ्या दुसऱ्या तुपाक अमारूचे स्पॅनिश सत्तेविरुद्धचे बंड मोडून काढल्यावर इन्का पोशाख आणि इन्का राजांची चित्रे यांवर बंदी आली, तेव्हा ही झालर किती अर्थपूर्ण होती हे राज्यकर्त्यांनीही मान्य केल्यासारखे झाले.

अमेरिकेत जन्मलेली माणसे संत होऊ लागली तेव्हा नमुन्यांचा प्रवाह काही अंशी उलटा फिरला. लिमाची रोझा १६१७ मध्ये वारली तेव्हा अँजेलिनो मेदोरो या इटालियन चित्रकाराने तिचा मृत्यूनंतरचा चेहरा रंगवला, त्यामुळे तिचे रूप काल्पनिक राहिले नाही. १६७१ मध्ये तिला संतपद मिळाले आणि ती या खंडाची पहिली संत झाली. डोक्यावर गुलाबांचा मुकुट, अंगावर डोमिनिकन झगा, हातांत बाळ येशू हे तिचे रूप आता लिमातून बाहेर पडले आणि युरोपचे कोरक्ये ते छापू लागले.

मेक्सिको शहराने आपला माणूस म्हणून पुढे केला तो फेलिपे दे हेसूस. मनिलाहून मायदेशी परतत असताना त्याचे जहाज वादळाने १५९६ मध्ये जपानच्या किनाऱ्याला लागले, आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्या हुकमाने क्रुसावर चढवलेल्या सव्वीस जणांमध्ये तो होता. त्या सव्वीस जणांत वसईचा गोन्सालो गार्सियाही होता. पोर्तुगीज बाप आणि इथलीच आई यांचा हा मुलगा जपानी भाषा उत्तम जाणत असे. काही काळ व्यापार करून तो मनिलात फ्रान्सिस्कन झाला आणि दुभाषा म्हणून जपानला गेला. १६२७ मध्ये या हुतात्म्यांना ‘धन्य’ (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केल्यावर मेक्सिकोतील फ्रान्सिस्कन मठांनी त्यांची चित्रे करून घेतली. कुएर्नावाका येथील मठाच्या, म्हणजे आजच्या कॅथेड्रलच्या, लांबलचक भिंतींवर त्यांची होड्यांतून आणि रस्त्यांवरून निघालेली धिंड रंगवलेली आहे. चुन्याखाली झाकली गेलेली ही भित्तिचित्रे विसाव्या शतकातल्या दुरुस्तीत पुन्हा उजेडात आली. सर्वांना संतपद मिळाले ते १८६२ मध्ये.

वसईच्या माणसाने मेक्सिकोतल्या अशा चित्रांत गोन्सालोला शोधायला जावे तर खुणांची ती सगळी भाषा इथे अपुरी पडते. फ्रान्सिस्कन सगळे एकाच झग्यात, सगळ्यांना तोच क्रूस आणि दोन्ही कुशींतून आरपार गेलेले तेच भाले. प्रत्येकाचे मरण सारखे, म्हणून प्रत्येकाची खूणही सारखी. मेक्सिकोच्या चित्रकाराने फेलिपेला मधोमध आणि मोठा काढला की तो ओळखू येतो. गोन्सालो उरलेल्यांत उभा असतो, आणि चित्रकाराने पायाशी नाव लिहिले असेल तरच सापडतो.